दुसरा शब्द

जळगाव, १८ नोव्हेंबर १९७९

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

जिनाची घरघर तुला आठवते का? आपल्या कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून कापसातली सरकी काढायचं जिन होतं. दिवाळी झाली की सुरू व्हायचं ते पार चैत्र उजाडेपर्यंत. मी वर्गात कविता म्हणायला लागलो की ती घरघर खालून तंबोऱ्यासारखी सूर धरायची. खिडकीतून कापसाचे बारीक तंतू आत यायचे आणि पुढच्या बाकांवरच्या मुलींच्या वेण्यांवर बसायचे. मला ते फार काव्यमय वाटायचं. मुली बिचाऱ्या शिंकायच्या.

परवा त्या रस्त्याने गेलो. जिन कधीच बंद पडलंय, आत आता लाकडाची वखार आहे. तरी फाटकापाशी उभा राहिलो आणि कानात घरघर सुरू झाली. घरी आलो तरी थांबेना. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. आमच्या सौ. लताबाई म्हणतात, "ओटा झिजेल, जरा टेका." टेकलं की पुन्हा घरघर.

तू म्हणशील, सोळा वर्षांनी सरांना पत्र लिहायला बरं जिन आठवलं.

तुझा पत्ता परीक्षकांच्या यादीत सापडला. मंदाकिनी झुलाल महाजन, सहशिक्षिका, धुळे. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो. लताबाईंनी विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, सापडलं." शिक्षिका झालीस हे वाचून बरं वाटलं. असोद्याच्या एसटीतून उतरून धावत वर्गात येणारी, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालणारी मुलगी कधीतरी शिकवणारच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता कामाचं लिहितो. येत्या तीस डिसेंबरला माजी विद्यार्थी माझा सत्कार करणार आहेत. त्याच दिवशी माझी टिपणं पुस्तकरूपानं निघायची आहेत. वर्गात मी सांगायचो, तुम्ही उतरून घ्यायचात, तीच. पुढाकार हिलालचा आहे. नाव वाचून पत्र फाडू नकोस. तो आता माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे. भडगावकडे केळीचे मळे, इथे बंगला, दाराशी जीप. घरी आला, पाया पडला आणि ओट्यावर उभा राहून शृंगाररसाचं पान त्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "ते पान राहू दे, हिलाल." तर म्हणतो कसा, "सर, ते पान काढलं तर वांग्याशिवाय भरीत! लोकांना तेच तर पाठ शे."

ते पान कोणतं हे तुला सांगायला नको. त्याबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर अवश्य कळव.

आणि एक. त्रेसष्ट सालच्या तुझ्या चौकशीत मी नुसता चिटणीस होतो. मत द्यायचा अधिकार प्राचार्यांना आणि वकीलसाहेबांना होता, मला नव्हता. तुला हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

तुझा,
शिंपी सर

*

जळगाव, २ डिसेंबर १९७९

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल. धुळ्याचं टपाल दोन दिवसांत पोचतं, मी पोस्टात जाऊन विचारून आलो.

मागच्या पत्राचा शेवट मला टोचतो आहे. 'नुसता चिटणीस' हे खरं आहे, पण ते जिन चालू असताना बोलल्यासारखं खरं आहे. शब्द होतात, ऐकू काही जात नाही.

माझ्या भाचीनं पुण्याहून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद पाठवला. दिल्ली-पुण्याच्या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र आहे. चांद्याकडच्या एका गरीब मुलीवर पोलीस ठाण्यात पोलिसांनीच हात टाकला. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, विरोधाची खूण नाही, तेव्हा संमती होती, असा अर्थ काढला. ते वाचलं आणि मी उठून ट्रंक उघडली.

ट्रंकेत तुझी जबानी आहे. कच्ची प्रत, माझ्या हातची, पेन्सिलीनं लिहिलेली. पक्क्या प्रतीत यातलं निम्मंसुद्धा गेलं नाही. ती कशी गेली नाही हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो.

तुला बोलावलं तो दिवस एप्रिलचा. वकीलसाहेबांनी विचारलं, "बांगडी फुटली का?" तू म्हणालीस, "बांगडी नव्हती, घड्याळ होतं." ते म्हणाले, "मग घड्याळ फुटलं का?" तू म्हणालीस, "नाही. अजून चालतं." आणि मनगट पुढे करून दाखवलंस. प्राचार्य हसू दाबत होते. तुला ते दिसलं असेल. मला दिसलं होतं.

मग त्यांनी विचारलं, ओरडलीस का. संमेलनाच्या तालमीनंतर तू पोशाखांच्या खोलीत मुकुट ठेवायला गेलीस, हिलाल मागून आला, त्यानं आतून कडी लावली. मग ओरडलीस का? तू म्हणालीस, "एकदा ओरडले. मग घसा बसला. मग नुसतं नको नको म्हणत होते." वकीलसाहेब म्हणाले, याची परीक्षा घेऊ.

परीक्षा मे महिन्यात झाली, सुट्टीत. साक्रीकडचा आपला पुना शिपाई तुला आठवेल. त्याला त्या खोलीत उभं केलं, कडी लावली. तो आतून विचारतो, "काय बोंबलू साहेब?" प्राचार्य म्हणाले, "काहीही बोंबल." पुनानं सगळा जीव एकवटून हाक मारली, "चाऽऽय!" फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, "किती कप?" वकीलसाहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं : आवाज फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. घटनेच्या दिवशी कुणी ऐकला नाही. सबब ओरडली नाही.

पुना बाहेर आला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "साहेब, आते जिन बंद शे. तवय चालू व्हतं."

आम्ही तिघांनीही ऐकलं मंदा. वर्गात रोज त्या घरघरीवर ओरडून मी घसा फाडून घेत होतो, मला पुनानं सांगायची गरजच नव्हती. प्राचार्य म्हणाले, "बरं, तू जा." माझी पेन्सिल हातात होती. मी ती खिशात ठेवली.

पुढचं तुला माहीत आहे. वकीलसाहेबांनी कायद्याचं जाड पुस्तक आणलं होतं. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं त्याच पुस्तकात आहे. हे मी आता वाचनालयात जाऊन वाचलं. त्या दिवशी ते पान उलटलं गेलं. प्राचार्यांनी एक जुनं वचन म्हटलं, मौन म्हणजे संमती, आणि निकाल झाला. विद्यार्थिनीनं सूर्यास्तानंतर बंद खोलीत थांबू नये या नियमाचा भंग तुझ्याकडून, हिलालला ताकीद. तुझं नाव पटावरून कमी. दाखल्यावर 'वर्तणूक असमाधानकारक' हे शब्द. बी.ए.ची परीक्षा राहिली. झुलाल आबा बाहेर बाकावर बसले होते, सोबत माझ्यासाठी आणलेली केळ्यांची फणी. मला एवढंच म्हणाले, "मास्तर, माही पोर खोटं नाही बोलत." फणी तिथेच ठेवून गेले. ती केळी आम्ही खाल्ली, हेही लिहूनच टाकतो.

आता माझ्या मनात आलंय ते ऐक. पुस्तकातलं ते शृंगाराचं पान काढायचं आणि त्याच जागी तुझी खरी जबानी छापायची. नावं वगळून. 'एक विद्यार्थिनी' एवढंच. सोळा वर्षं दडलेलं सत्य भर सभेत उजेडात येईल. हिलालच्या हातून प्रकाशन होईल आणि आत तूच असशील! या विचारानं मला पहिल्यांदा जरा स्वस्थ वाटलं.

छापखान्याची घाई आहे. दहा तारखेपर्यंत कळव. पत्र आलं नाही तर तुझी हरकत नाही असं धरून पुढे चालतो.

तुझा,
शिंपी सर

*

जळगाव, १२ डिसेंबर १९७९

मंदा,

दहा तारीख गेली. पत्र आलं नाही. अकराला सकाळीच तुझ्या जबानीची स्वच्छ प्रत मी रतिलालशेठच्या छापखान्यात देऊन आलो. परत येताना शाळकरी पोरासारखा कविता गुणगुणत आलो.

दुपारी लताबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "आलं का तिचं पत्र?"

"नाही आलं."

"मग दिलंत कसं?"

"मी तिला लिहिलं होतं, दहापर्यंत नाही कळवलंस तर हरकत नाही असं समजेन."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे ती पुन्हा गप्प बसली, आणि तुम्ही पुन्हा तिचं हो लिहून टाकलंत."

मी नुसतीच एक शेंग उचलली. त्या म्हणाल्या, "हातातली शेंग ठेवा आणि पळा. चपला घाला आधी."

या वयात मी पळालो मंदा. टोपी घरीच राहिली. निवडणुकीची एक गाडी भोंगा लावून जात होती, तिच्यातल्या पोरांनी ओरडून विचारलं, "नाना, मतदान अजून लांब शे, कुठं निघाले?" छापखान्यात पोचलो तर खिळे जुळवून झाले होते. रतिलालशेठ म्हणाले, "नशीब तुमचं, मशीनवर चढलं नाही. तीनच प्रुफं काढली. ही दोन घ्या."

"आणि तिसरं?"

"ते अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलं की. रोजची पद्धत आहे."

दोन प्रुफं आणि मी दिलेली प्रत आणली आणि चुलीत घातली. खिळे माझ्यादेखत सोडवून घेतले. तिसरं हिलालच्या घरात आहे. त्यात तुझं नाव नाही, त्याचं नाही, साल आहे. तुझे शब्द तुला न विचारता एका घरात गेले आहेत, आणि ते घर कोणाचं, तर त्याचं. याची माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाकडे नाहीत.

मी हे कुठं शिकलो? रात्रंदिवस हाच प्रश्न. शिकलो कशाला, मी तर हेच शिकवत होतो. आता ते लिहितो. इतके दिवस जिनाआड लपलो होतो.

बासष्टचा डिसेंबर. मी शृंगाराचं टिपण सांगत होतो. 'काव्यातील नायिकेचा नकार हा तिच्या होकाराचाच अलंकार होय.' ऐंशी पेनं कुरकुरत होती. तू तिसऱ्या बाकावरून उभी राहिलीस. उभं राहून प्रश्न विचारणारी मुलगी त्या वेळी वर्षातून एखादी. म्हणालीस, "सर, आणि तिला खरंच नको असेल, तर ती कोणता शब्द वापरेल?"

इतका चांगला प्रश्न मला तीस वर्षांत कुणी विचारला नाही. मी काय केलं? चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "मग ती कवितेत कशाला येईल? घरी भाकऱ्या थापेल!"

वर्ग हसला. बाकं बडवली. तो हशा जिनाच्या वर गेला. मी म्हटलं होतं ना, कानात घरघर आहे. घरघर नाही ती, तो हशा आहे. सगळ्यात मोठा हसला तो शेवटच्या बाकावरचा हिलाल. माझा लाडका. कविता म्हणावी तर त्यानंच. तू खाली बसलीस आणि टिपण पुरं केलंस. मी मनात म्हटलं, पटलं.

चौकशीत हिलालनं स्वतःच्या बचावात काय ठेवलं हे तुला माहीत नाही. त्यानं माझ्या तासाची वही ठेवली. ते पान उघडून. प्राचार्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुमचंच का हे? छान आहे." मंदा, कोणापाशी बोललो नाही ते तुला सांगतो. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. अक्षर सुरेख होतं, एकही शब्द गाळलेला नव्हता.

आणि तुझ्या जबानीचं शेवटचं वाक्य होतं : 'मी नको म्हटलं. दुसरा शब्द मला माहीत नव्हता.' पक्की प्रत करताना मी ते वाक्य गाळलं. कारण त्या खोलीत ते कुणाला उद्देशून होतं, हे फक्त मला कळत होतं.

उत्तर पाठवू नकोस असं म्हणत नाही. पाठव असंही म्हणवत नाही.

शिंपी

*

जळगाव, ३० डिसेंबर १९७९, सकाळ

मंदाबाईंस सप्रेम नमस्कार.

छत्तीस-सदतीस वर्षांच्या शिक्षिकेला मी इतके दिवस तू म्हणत होतो. आज नको.

आपल्या जबानीची कच्ची प्रत काल रजिस्टर टपालानं आपल्याकडे पाठवली. त्या तिसऱ्या प्रुफाखेरीज तिची दुसरी प्रत कुठेही नाही. ती आपली आहे. जपा, जाळा, वाटेल ते करा. सोबत माझ्या सहीचा एक कागद आहे. जिन चालू होतं, पुना काय म्हणाला, मी कोणतं वाक्य गाळलं, माझ्या तासाची वही पुरावा म्हणून कशी आली. तो कुठे दाखवायचा असेल तर दाखवा. मी सांगाल तिथे येऊन तेच बोलेन. आपण न सांगता कुठेही जाणार नाही.

हिलाल आठवड्यापूर्वी आला होता. मी सांगितलं, शृंगाराचं पान पुस्तकात नाही आणि सत्काराला उत्तर देताना मी त्या पानाबद्दल बोलणार आहे.

तो हसला. "बोला ना सर. तुमचा तर दिवस शे तो."

"मी काय शिकवलं आणि ते कसं चूक होतं, ते बोलणार. एका मुलीनं प्रश्न विचारला होता, मी तिची थट्टा केली, ते बोलणार."

मग त्याचं हसू गेलं. "जुनं उकरून काय मिळणार? तिचीच बदनामी होईल."

"तिचं नाव येणार नाही. तुझंही नाही. खोलीचं नाही, चौकशीचं नाही. मी फक्त माझ्या वर्गातलं बोलणार."

तो जीपच्या चावीशी खेळत बसला. मग एकदम पोरासारखा म्हणाला, "मला खरंच तसं वाटलं होतं सर. तुम्हीच तर शिकवलं."

मंदाबाई, इतके दिवस मी याच वाक्याला भीत होतो. ते आलं तेव्हा मात्र मला दिसलं, की यातलं निम्मं माझं आहे आणि ते मी घेतलं पाहिजे. उरलेलं त्याचं. मी म्हटलं, "हिलाल, दाराला आतून कडी लावायला मी शिकवलं नव्हतं."

तो पाया न पडता गेला. जाताना मी प्रुफाचं विचारलं. म्हणाला, "कसलं प्रूफ? मी पाहिलं नाही. घरात कुणी ठेवलं असेल." खोटं बोलत नव्हता, मला त्याचं खोटं ओळखता येतं.

सत्कार मात्र रद्द झाला नाही. मंडप पडलाय, जीप दहाला येणार आहे. मी धोतर नेसून सव्वाआठपासून तयार आहे. भाषणाचा कागद चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. शेवटी आपला प्रश्न तेवढा लिहून घेतलाय, आपलं नाव न लिहिता. तोही आपलाच आहे, हे मला कळतं. पण तो आपण ऐंशी जणांसमोर विचारला होता, म्हणून ऐंशी जणांसमोर मी त्याचं उत्तर देणं लागतो. लताबाईंना विचारलं, एवढं चालेल का? त्या म्हणाल्या, "मला काय विचारता?" मग टोपी हातात देत म्हणाल्या, "पण विचारलंत, हे नवीन आहे."

दार वाजलं. जीप इतक्या लवकर? थांबा.

जीप नाही. दारात पुष्पाबाई आहे, हिलालची बायको. एकटीच, टांग्यानं आली. हळदीकुंकवाला दोनदा आली असेल तेवढीच ओळख. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आणि दुसऱ्या हातात घडी घालून घालून मऊ झालेलं ते तिसरं प्रूफ. लताबाईंनी आत घेतलं. ती बसली नाही. घडी उलगडून तिनं 'दुसरा शब्द मला माहीत नव्हता' या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, लग्नाला चौदा वर्षं झाली." कागदाची घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, "ही बाई कुठं असते? मला तिला एकदा भेटायचं शे."

आपला पत्ता मला पाठ आहे. ओठांपर्यंत आला होता. दिला नाही. सांगितलं, तिला विचारतो आणि मग सांगतो. ती म्हणाली, "विचारा. मी थांबते." आता ती ओसरीत लताबाईंजवळ बसली आहे, आणि मी हे पत्र पुरं करतो आहे.

तेव्हा विचारतो. आपला पत्ता तिला देऊ का?

उत्तर आलं नाही तर 'नाही' असं समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

आपला,
शिंपी